मँगनीज +२ ला का थांबतं, आणि +७ ला जातं कसं?

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत. मँगनीजचं ३डी उपकवच (बाहेरच्या इलेक्ट्रॉनांचा एक गट) अर्धं भरलेलं, म्हणून स्थिर, असं पुस्तकात लिहिलंय. मग हेच मँगनीज +७ या ऑक्सिडीकरण अवस्थेपर्यंत, म्हणजे सात इलेक्ट्रॉन गमावल्याच्या हिशेबापर्यंत, जातं कसं? परमँगनेटमध्ये ३डीत एकही इलेक्ट्रॉन उरत नाही, तरी त्याचा रंग एवढा गडद का? आणि शेजारच्या क्रोमियम आणि लोहापेक्षा मँगनीज इतक्या लवकर का वितळतं? बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला हे प्रश्न पडले याचा मला खरोखर आनंद झाला, कारण बहुतेकजण ‘अर्धं भरलेलं म्हणजे स्थिर’ एवढं लिहून दोन गुण घेतात आणि पुढे सरकतात. त्या वाक्यात तथ्य आहे, पण हिशेब नाही. हिशेब मांडला की तिन्ही प्रश्न एकाच धाग्यात येतात.

माझं सगळं काम विदर्भातल्या मँगनीज खनिजाच्या पृथक्करणात गेलं. पुस्तकाच्या आधी या मूलद्रव्याशी माझी ओळख बोटांनी झाली, म्हणून तिथूनच सुरू करतो.

पोटॅशियम परमँगनेटचा थेंब बोटावर पडला की आधी जांभळा दिसतो. तो पुसेपर्यंत त्वचेशी त्याची अभिक्रिया होते आणि तपकिरी डाग उरतो. साबणाने घासा, दगडाने घासा, हलत नाही. मग ऑक्झॅलिक आम्लाचं पातळ द्रावण लावलं (घरी असाल तर ‘क’ जीवनसत्त्वाची गोळी चुरून, ओली करून चोळा) की डाग डोळ्यांदेखत नाहीसा होतो. जांभळा म्हणजे +७. तपकिरी म्हणजे +४, मँगनीज डायऑक्साइड. आणि नाहीसा झाला म्हणजे +२. तो कुठे गेलेला नाही, पाण्यात विरघळला आहे, फक्त दिसत नाही. एकाच बोटावर, दोन मिनिटांत, एकाच अणूचे तीन अवतार. हे सगळं अणूच्या बाहेरच्या सात इलेक्ट्रॉनांचं काम आहे.

आता अणू. अणुक्रमांक २५. निसर्गात मँगनीजचं एकच स्थिर समस्थानिक सापडतं, २५ प्रोटॉन आणि ३० न्यूट्रॉनचं. म्हणून त्याचं अणुवस्तुमान ५४.९४ असं पूर्णांकाच्या जवळ येतं. २५ इलेक्ट्रॉनांपैकी आतले १८ आरगॉनसारखे बंदिस्त, ते रसायनशास्त्रात भाग घेत नाहीत. उरले सात: दोन ४एसमध्ये, पाच ३डीत. डीच्या पाच ऑर्बिटल, म्हणजे इलेक्ट्रॉन राहण्याच्या जागा, आहेत आणि प्रत्येकीत एक एक इलेक्ट्रॉन, सगळ्यांचा स्पिन (इलेक्ट्रॉनाचा चुंबकीय गुण, त्याला दोनच दिशा) एकाच दिशेला.

इथे एक शंका नेहमी येते: भरताना ४एस आधी, मग काढताना ३डी आधी का नाही निघत? कारण भरण्याचा तो क्रम संपूर्ण उदासीन अणूचा आहे. अणूवर धनभार आला की ३डी केंद्रकाच्या बाजूला जास्त ओढलं जातं, ४एस बाहेर राहतं. जे बाहेर ते आधी जातं. म्हणून +२ आयनात ४एस रिकामं आणि ३डीचे पाचही जागेवर.

आता ‘स्थिर’ या शब्दाचा हिशेब. एकाच दिशेचा स्पिन असलेले दोन इलेक्ट्रॉन एकमेकांपासून जरा अंतर राखून राहतात, त्यामुळे त्यांच्यातलं प्रतिकर्षण कमी होतं आणि अणूची ऊर्जा उतरते. याला विनिमय ऊर्जा म्हणतात, वर्गात ‘एक्स्चेंज’ म्हणतात तेच. अशा समान स्पिनच्या जेवढ्या जोड्या पडतील तेवढा फायदा. कार्यक्रमात पाच जण भेटले आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा हात मिळवला तर किती वेळा हात मिळवले जातात? दहा. चार जण असतील तर सहा. तीन असतील तर तीन.

ही संख्या घेऊन तिसरा इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा बघा. क्रोमियमच्या +२ आयनात चार डी इलेक्ट्रॉन. एक काढला की जोड्या सहावरून तीनवर, म्हणजे तीन गेल्या. मँगनीजच्या +२ मध्ये पाच. एक काढला की दहावरून सहावर, चार गेल्या. लोहाच्या +२ मध्ये सहा, पण सहावा उलट स्पिनचा, दुसऱ्याच्या ऑर्बिटलमध्ये दाटीने बसलेला. तो काढला तर जोड्या दहाच्या दहाच राहतात, एकही जात नाही, उलट दाटी संपते. आता मोजलेले आकडे: क्रोमियमची तिसरी आयनीभवन ऊर्जा मोलमागे २,९८७ किलोज्यूल, मँगनीजची ३,२४८, लोहाची २,९५७. केंद्रकाचा भार तर डावीकडून उजवीकडे वाढतच चालला आहे, म्हणजे लोहाची ऊर्जा मँगनीजपेक्षा जास्त हवी होती. ती जवळपास तीनशेने कमी आहे. हा फरक त्या जोड्यांचा आणि त्या दाटीचा. ‘अर्धं भरलेलं’ यात जादू काही नाही, पाच जण एका दिशेला असताना जोड्या सर्वात जास्त पडतात एवढाच त्याचा अर्थ.

म्हणूनच मँगनीज +२ ला रेंगाळतं. पाण्यातल्या +३ मँगनीजला +२ व्हायची केवढी घाई असते ते विभवावरून (इलेक्ट्रॉन घेण्याची ओढ व्होल्टमध्ये सांगणारा आकडा) कळतं: मँगनीजसाठी +१.५१ व्होल्ट, लोहासाठी ०.७७. लोह +३ ला निवांत राहतं, गंजाच्या रूपात आपल्या खिडक्यांच्या गजांवर वर्षानुवर्षं बसतं. मँगनीज +३ साध्या पाण्यात टिकत नाही. दोन अणू आपसात देवाणघेवाण करतात, एक +२ होतो आणि दुसरा +४ होऊन तपकिरी साका म्हणून तळाशी बसतो. दगडात मात्र +३ सुखाने राहतं. नागपूर-भंडारा-बालाघाट पट्ट्यात जे ब्राउनाइट खनिज भरपूर मिळतं त्यात +२ आणि +३ दोन्ही एकाच स्फटिकात शेजारी शेजारी असतात. हॉस्मनाइटमध्येही तसंच. त्यात +३ च्या चार डी इलेक्ट्रॉनांमुळे सहा ऑक्सिजनांची सारखी चौकट एका बाजूने ताणली जाते आणि स्फटिक घनाकृतीऐवजी लांबट होतो. यालाच यान-टेलर परिणाम म्हणतात, पुस्तकात तो कोरडा वाटतो. तो आपल्या पायाखालच्या दगडात बसलेला आहे.

मग +७ कसं? इथे मूळ गैरसमज असा की +७ म्हणजे सात इलेक्ट्रॉन अणूतून काढून फेकले. तसं करायचं म्हटलं तर सातही आयनीभवन ऊर्जांची बेरीज मोलमागे ३८,००० किलोज्यूलच्या आसपास जाते, आणि कोणत्याही प्रयोगशाळेतलं रसायन एवढी ऊर्जा पुरवत नाही. +७ हा वहीतला आकडा आहे: बंधातले सगळे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या नावावर लिहायचे असं आपण ठरवलंय, म्हणून मँगनीजच्या खात्यावर +७ येतं. प्रत्यक्षात परमँगनेटमधल्या मँगनीजवर त्याहून कितीतरी कमी धनभार असतो, कारण चार ऑक्सिजन आपली इलेक्ट्रॉन घनता रिकाम्या डी ऑर्बिटलमध्ये परत देत राहतात. दोन बंध एकदम धरायची ही ताकद ऑक्सिजनकडे आहे, फ्लोरीनकडे नाही. म्हणून परीक्षेत हमखास येणारा तो प्रश्न: ऑक्साइड +७ पर्यंत जातं, साधं फ्लोराइड मात्र +४ लाच थांबतं. फ्लोरीन इलेक्ट्रॉन ओढण्यात वरचढ आहे, पण मँगनीजला वर न्यायला नुसती ओढ पुरत नाही, परत देणाराही लागतो.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं: पाच एकटे इलेक्ट्रॉन एकत्र असताना सुखी आहेत, म्हणून +२ टिकाऊ. पण पाचही एकटे असल्यामुळे पाचही बंधासाठी मोकळे आहेत, आणि ३डीची पातळी अजून केंद्रकाने फार खोल ओढून घेतलेली नाही. पुढे लोह, कोबाल्ट, निकेल करत गेलात की डी खोल जात राहतं आणि इलेक्ट्रॉन जोडीने बसायला लागतात, म्हणून त्यांच्या अवस्था उतरत जातात. पहिल्या ओळीत सर्वात वरची अवस्था मँगनीजकडे आहे ती याच जागेमुळे. आणि +७ वर गेल्यावर परत +२ कडे यायची ओढ कायम राहते, म्हणून परमँगनेट एवढं जोरकस ऑक्सिडीकारक.

रंगाचा प्रश्न मला सर्वात प्रिय आहे. तुम्ही शिकलात की संक्रमण धातूंचे रंग डी ते डी उडीतून येतात. मग पाच डी इलेक्ट्रॉन असलेला +२ आयन चांगला रंगीत हवा आणि शून्य असलेलं परमँगनेट बिनरंगी. घडतं बरोबर उलट. मँगनीज सल्फेटचे स्फटिक ढिगाने असले तर फिकट गुलाबी दिसतात; पातळ द्रावण पाण्यासारखं.

+२ चं कारण त्या पाच एकट्यांतच आहे. पाचही ऑर्बिटलमध्ये एकाच स्पिनचा एक एक बसला आहे. एकाला दुसरीकडे उडी मारायची तर तिथे त्याच स्पिनचा आधीच आहे, म्हणून जाणाऱ्याला स्पिन उलटा करावा लागतो. प्रकाश शोषताना स्पिन बदलण्याला बंदी आहे. शिवाय सममित आयनात डी ते डी उडीला तशीही दुसरी बंदी असतेच. दोन्ही बंद्या मोडून फार थोड्या उड्या होतात, म्हणून रंग जेमतेम.

परमँगनेटमध्ये उडी मारणारा इलेक्ट्रॉन मँगनीजचा नाहीच, तो ऑक्सिजनचा आहे. प्रकाश पडला की ऑक्सिजनकडचा इलेक्ट्रॉन मँगनीजच्या रिकाम्या डीत जातो. या भार-स्थानांतराला वरच्या बंद्या लागू नाहीत, त्यामुळे शोषण प्रचंड. ५२५ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश खाल्ला जातो आणि लाल-जांभळा आपल्यापर्यंत पोचतो. सारख्या संहतीला परमँगनेट हे +२ च्या मानाने जवळपास लाखपट जोराने प्रकाश शोषतं. वर्णपटमापकात मँगनीज मोजताना आधी परआयोडेट घालून ते +७ ला का नेतात, हे यावरून कळेल.

आणि म्हणूनच परमँगनेटच्या अनुमापनात (थेंबाथेंबाने द्रावण सोडून केलेल्या मोजणीत) शेवट दाखवायला वेगळा दर्शक लागत नाही. ब्युरेटमधून पडणारा थेंब गडद, फ्लास्कमध्ये त्याचं जे होतं ते बिनरंगी. शेवटचा एक जादा थेंब फिकट गुलाबी छटा देतो आणि ती अर्धा मिनिट टिकली की थांबायचं. हे जमतं ते निव्वळ या अणूच्या दोन टोकांमुळे. ऑक्झॅलिक आम्लाचं अनुमापन करताना एक गोष्ट नक्की बघा. द्रावण ६० ते ७० अंशांपर्यंत गरम केलेलं असलं तरी पहिला थेंब रंग सोडायला वेळ लावतो, दुसरा कमी, आणि पाचव्या-सहाव्या थेंबापासून रंग पडताक्षणी जातो. अभिक्रियेतून तयार होणारं +२ मँगनीजच पुढच्या थेंबांना वेग देतं. पहिला थेंब रंग सोडत नाही म्हणून घाईने पुढचे सोडू नका. आणि फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळपणा आला तर समजा सल्फ्युरिक आम्ल कमी पडलंय, मँगनीज +२ पर्यंत न उतरता +४ ला अडकलंय. ते वाचन टाकून द्या.

आम्ल सल्फ्युरिकच का, याचा धडा मला पहिल्याच वर्षी मिळाला. खनिजाची मैद्यासारखी वाटलेली पूड आम्ही हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवत असू, कारण त्यात ती चटकन विरघळते. मग सल्फ्युरिक घालून, दाट पांढरे धूर येईपर्यंत तापवून क्लोराइड पूर्ण घालवायचं, आणि नंतर थंड नायट्रिक आम्लात सोडियम बिस्मथेट घालून सगळं मँगनीज +७ ला न्यायचं. त्या दिवशी नमुने बरेच होते. धूर दिसायला लागले तसा मी तवा बंद केला, दाट व्हायची वाट पाहिली नाही. बिस्मथेट घातल्यावर रंग छान आला, पण गाळेपर्यंत फिका पडत गेला. उरलेल्या क्लोराइडने परमँगनेट खाल्लं होतं, आणि मँगनीज खऱ्यापेक्षा तीन टक्के कमी भरलं. खनिजाचा भाव टक्क्यावर ठरतो. त्या तीन टक्क्यांत कुणाची तरी अख्खी वॅगन खालच्या प्रतीला गेली असती. वरिष्ठांनी सगळे नमुने पुन्हा करायला लावले आणि ते बरोबरच होतं. तेव्हापासून धुरांकडे बघत उभं राहणं मी कधी टाळलं नाही.

तिसरा प्रश्न, वितळण्याचा. क्रोमियम १,९०७ अंश सेल्सिअसला वितळतं, लोह १,५३८ ला, मधलं मँगनीज १,२४६ ला. धातू एकसंध राहतो तो इलेक्ट्रॉन सर्वांच्या मालकीचे झाल्यामुळे. मँगनीजचे पाच डी इलेक्ट्रॉन आपल्याच अणूवर, एकाच दिशेला, एकत्र राहण्यात इतका फायदा मिळवतात की ते सामायिक व्हायला नाखूश असतात. हिशेब तोच, दहा जोड्यांचा. अणू सुटे करायला लागणारी ऊर्जा क्रोमियमसाठी ३९७, लोहासाठी ४१६, आणि मँगनीजसाठी फक्त २८१ किलोज्यूल. आवर्तसारणीत दोन ओळी खाली हीच जागा असलेलं ऱ्हेनियम बघा, ते ३,१८६ अंशांपर्यंत वितळत नाही. तिथे ५डी ऑर्बिटल लांबवर पसरलेल्या आहेत, शेजाऱ्याशी बंध करण्यातला फायदा मोठा, विनिमयाचा लहान.

या ओढाताणीचा परिणाम स्फटिकातही दिसतो. बहुतेक धातूंच्या एकक पेशीत दोन किंवा चार अणू. नेहमीच्या तापमानाच्या मँगनीजमध्ये अठ्ठावन्न, आणि तेही चार वेगवेगळ्या प्रकारच्या जागांवर. एकाच मूलद्रव्याचे अणू जणू वेगवेगळ्या आकाराचे असल्यासारखे बसतात. असा स्फटिक सरकत नाही, तडकतो. शुद्ध मँगनीज हातोडीखाली काचेसारखं फुटतं, त्याची पट्टी किंवा तार ओढता येत नाही. पाच एकटे इलेक्ट्रॉन असूनही ते लोहचुंबकासारखं का नाही, असंही पुढे विचाराल. धातूत अणू इतके जवळ आहेत की शेजाऱ्यांचे स्पिन उलट दिशांना लागतात आणि एकमेकांना काटतात. अंतर वाढवलं की चित्र बदलतं: जर्मनीत फ्रिडरिश हॉइसलरने १९०३ मध्ये तांबं, ॲल्युमिनियम आणि मँगनीज यांचं मिश्रधातू चुंबकाला ओढलं जातं असं दाखवलं. तिन्ही सुटे धातू तसे अजिबात वागत नाहीत.

एकटं ठिसूळ असलेलं हे मूलद्रव्य पोलादात गेलं की पोलाद चिवट करतं. गंधक लोहाशी जुळलं तर जे सल्फाइड होतं ते लोहाबरोबर हजार अंशांच्या आतच वितळतं, आणि लाल तापलेलं पोलाद लाटताना कणांच्या सीमांवर फाटतं. मँगनीज गंधकाला आधी धरतं आणि ते सल्फाइड सोळाशे अंशांपर्यंत घट्ट राहतं. त्याहून जास्त, बारा टक्क्यांच्या आसपास, घातलं की रॉबर्ट हॅडफिल्डचं १८८२ चं पोलाद मिळतं, मार खाईल तसं पृष्ठभागावर कठीण होत जाणारं. रूळ एकमेकांना छेदतात तिथले जोड आणि खडी क्रशरच्या जबड्याच्या प्लेटा त्याच्याच.

आमच्या भागात याचं काम १८९६ पासून चालू आहे. भूशास्त्रज्ञ फर्मर यांनी इथल्या गार्नेट आणि गारगोटीच्या एका खडकाला गोंड लोकांवरून गोंडाइट हे नाव दिलं, आणि जगभरच्या भूशास्त्रात ते आजही चालतं. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतला डायऑक्साइडचा काळा दगड बॅटरीसाठी जातो. जुना टॉर्चचा सेल फोडल्यावर कार्बनच्या कांडीभोवती जी काळी भुकटी दिसते तीच ही. सेल वापरताना तिच्यातलं +४ मँगनीज +३ ला उतरत असतं. या भुकटीची धूळ मात्र श्वासात घेऊ नका. ती दळणाऱ्या कामगारांना हातापायांचा अशक्तपणा येतो, चालण्यात दोष येतो, हे स्कॉटलंडच्या जॉन कूपर यांनी १८३७ मध्येच लिहून ठेवलं होतं. प्रयोगशाळेत पूड वाटताना मी मुलांना मास्कशिवाय बसू देत नसे.

झाडाच्या पानातही हा अणू आहे. पाण्यातून ऑक्सिजन काढणाऱ्या केंद्रात चार मँगनीज, एक कॅल्शियम आणि पाच ऑक्सिजन आहेत. त्याची स्पष्ट रचना जपानी संशोधकांनी २०११ मध्ये दाखवली. +३ आणि +४ मध्ये पायरी पायरीने चढत एकेक इलेक्ट्रॉन देऊन टाकायचा, आणि चार गेले की ते पाण्याकडून परत घेऊन ऑक्सिजनचा एक रेणू सोडायचा. एवढ्या अवस्था जवळजवळच्या ऊर्जेला असलेला अणूच हे करू शकतो.

सगळं एका भांड्यात बघायचं असेल तर पाण्यात थोडी साखर आणि थोडा कॉस्टिक सोडा विरघळवा, त्यात परमँगनेटचं अगदी पातळ द्रावण ओता आणि ढवळा. जांभळं, मध्येच निळसर झाक, मग हिरवं, मग पिवळट तपकिरी. हिरवं म्हणजे +६, ३डीत एक इलेक्ट्रॉन. ते फक्त तीव्र अल्कलीत टिकतं, आम्लाचे काही थेंब घातलेत तर पुन्हा जांभळं आणि तपकिरी असं दोन्हीकडे फुटतं. चष्मा आणि हातमोजे घाला, कॉस्टिक डोळ्याला घातक आहे. आणि कोरड्या परमँगनेटवर संहत सल्फ्युरिक आम्ल कधीही, कुतूहल म्हणूनसुद्धा, टाकू नका. त्यातून मँगनीजचं +७ ऑक्साइड तेलासारखं सुटतं आणि किंचित उष्णतेने किंवा कागदाच्या कपट्यानेही त्याचा स्फोट होतो.